तिरकी खुर्ची

चोपड्याच्या समुपदेशन केंद्रात
दोन खुर्च्या समोरासमोर.
तिसरी माझी, जराशी तिरकी,
कुणालाच वाटू नये मी समोरच्याची आहे म्हणून.
अकरा वर्षं अशी बसून
मान आता झोपेतही तिरकीच राहते.

मार्चमध्ये जळगावला प्रशिक्षण झालं,
ताणाचं व्यवस्थापन, चहा-बिस्किटांसह.
सर म्हणाले, डोळे मिटा, समुद्र आठवा.
मला तापीच आठवली, उन्हाळ्यातली,
वाळू, आणि उरल्या डबक्यात बसलेल्या म्हशी.
शेजारची जमिला तडवी डोळे मिटताच घोरू लागली.
तिला कुणी उठवलं नाही.
दिवसभरातलं व्यवस्थापन काय ते तेवढंच.

शेवटी फॉर्म. कामाचं समाधान, एक ते पाच.
मी तीनला गोल केला.
मग आठवलं, मानधन नोव्हेंबरपासून थकलंय. दोन.
मग झेलाबाई आठवली,
नांदायला परत गेलेली,
तडजोडनाम्याखाली सही माझी, निळ्या शाईत,
आणि चौथ्या दिवशी सिव्हिलमधून आलेला फोन.
त्यासाठी आकडा नव्हता.
मागच्या पानावर छापलं होतं: छंद जोपासा.

छंद म्हणजे आता एवढाच,
घरी आले की फोन
कळण्याच्या पिठाच्या डब्यात घालते, झाकण लावते.
अर्धा तास.
भाकरी, ठेचा, वरून कच्चं तेल.
दुसऱ्या घासाला डबा घुरघुरतो.
धाकटा म्हणतो, आई, पीठ रडतंय.
रडू दे, म्हणते,
आणि विसाव्या मिनिटालाच उठते.
हॅलो म्हणताना ओठांवर पीठ लागतं.

काल केसरबाई आली होती, हात प्लास्टरमध्ये.
दोन तास बोलली,
सासरा, मोटरसायकल, विकलेल्या शेळ्या,
मी लिहीत गेले.
जायला उठली, दारात थांबली,
"माय, तू जेवनी का?"

सव्वाचार वाजले होते.
डबा पिशवीत तसाच.
मी काहीतरी हसले असेन.
ती परत येऊन बसली.
"खाई ले. मी बठस."

भेंडी गार झाली होती, तार सुटलेली.
ती पंख्याकडे बघत बसली,
मी खाल्लं, सावकाश,
डब्याच्या कडा बोटानं पुसून.
बाहेर पुढचं जोडपं बाकावर चुळबुळत होतं.
थांबू दिलं.