जागा पाहणी, राखेचा बुधवार

सकाळी सातच्या उपासनेत पाळकांनी
कपाळावर राखेचं बोट ओढलं.
पावणेनऊला वॉर्ड ऑफिसच्या नळावर
मी ते धुतलं, रुमालानं टिपलं.
अकरा वर्षं हेच चाललंय.

तिथं मला शांताराम म्हणतात.
पहिल्या दिवशी हजेरीबुकात कारकुनानं
शांतवन वाचलं, थांबला,
खोडून राम केला,
चूक सुधारल्याच्या समाधानात.
मी बोललो नाही.
रणनवरे आडनावाला कुणी काही विचारत नाही,
ते कुठल्याही जत्रेत खपून जातं.

दादा म्हणायचे, प्रार्थना दार लावून करायची.
नगरकडची आमची माणसं. घरातला क्रूसही साधा,
लाकडाच्या दोन पट्ट्या, हार नाही, मेणबत्ती नाही.
मला ते सोयीचं पडलं.
दार मी इतकं घट्ट लावलं
की आत कोण आहे ते बघायला
हल्ली मलाच ठोठावावं लागतं.

आज कालिन्याच्या गावठाणात टेप घेऊन गेलो.
रस्ता रुंद व्हायचाय. मध्ये एक क्रूस येतो.
चौथऱ्यासकट पाच फूट सात इंच,
म्हणजे माझ्याएवढाच.
चुन्याचे इतके हात बसलेत
की कडा गोल झाल्यात, वापरलेल्या साबणासारख्या.
गळ्यात कालचा झेंडू.
पायाशी मेण, त्यात अडकलेला एक मुंगळा
आणि बसचं तिकीट.
आडव्या हाताला कुणाचं तरी हेल्मेट.

फॉर्म भरला.
प्रकार: अनधिकृत धार्मिक बांधकाम.
वापर:
इथं काय लिहायचं ते सुचेना.

तेवढ्यात स्कोलास्टिका मिस्किटा आल्या,
लाल चौकड्यांचं लुगडं, एका हातात सुकी मासळी, दुसऱ्यात स्टूल.
क्रूसाला पाठ टेकवून बसल्या,
जसा मी त्यांच्या ओटीवर आलेला पाहुणा.
कपाळावर राख. घामानं तिचा ओघळ
नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेला,
आणि बाई तशाच सगळा बाजार फिरून आलेल्या.

"पिलेगाच्या वक्ताला बांधला," म्हणाल्या.
"घरात जायला भ्याव वाटे.
एका रात्रीत तीन मानसं जात.
मंग समदी रस्त्यावर येऊन उभी राहिली,
हितंच मागनं केलं. दार कंचं लावतो?"

मी दाराबद्दल काही बोललोच नव्हतो.

केसातला आकडा काढून त्यांनी चुना खरवडला.
पांढरा पापुद्रा, निळा, पिवळा, पुन्हा पांढरा,
मग दगड, आणि दगडात आठ, नऊ, सात.
अलीकडचा एक बुजून गेलेला.
"लिव."
लिहिलं. साठ सालाच्या आधीचं निघालं
तर कागद वेगळ्या टेबलावर जातो.
वाचतं, असं नाही.
वेगळ्या टेबलावर जातो.

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.
"हितं राहिलीय," स्वतःच्या केसांच्या मुळाशी
बोट ठेवून म्हणाल्या,
"बरी पुसली नाय तू."

कोंबडा वगैरे काही आरवला नाही.
पाण्याचा टँकर मागे येत होता, त्याचं टुंटुं तेवढं.
एक पोरगा आला, हेल्मेट काढलं,
क्रूसाला हात लावून तोच छातीला लावला
आणि किक मारून गेला.
त्याला कुणी विचारलं नाही, तू कोण.

चारला टेबलाशी बसलो.
वापर: चालू आहे.
पाहणी करणाऱ्याचं नाव:
इथं पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका मुंगळ्याएवढा झाला.
शांत लिहिलं.
मग व. त्याचं पोट गोल करायला
उगीच वेळ घेतला. मग न.

"शांतारामसाहेब, चहा!" शिपाई दारातून ओरडला.
मी ओ दिली.
चहा घेतला, त्यात साखर जास्त होती.
केसांच्या मुळाशी जे राहिलं होतं
ते राहू दिलं.