लकडी पूल, दुचाकीस बंदी

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट.
आमच्या वरच्या मजल्यावर हंगेरीचं एक जोडपं राहायचं,
तो बेन्त्से, ती रेका.
वॉचमन तुपे त्याला बेंचसाहेब म्हणायचे
आणि तिला सरळ रेखा,
एवढ्याशा ‘ख’नं कुणाचं काय बिघडतं!

तो चाकणला, गिअरच्या कारखान्यात.
ती दिवसभर गॅलरीत, घारी मोजत.
फ्रिजवर त्यांनी यादी लावली होती,
दर शनिवार-रविवार काहीतरी नवीन करायचं.
नाहीतर, ती म्हणाली, वाटतं
आम्ही इथे नुसते थांबलोय,
लोक स्टेशनवर थांबतात तसे.

मी या इमारतीत एकवीस वर्षं राहत होते.
मी काही बोलले नाही.

त्या शनिवारी सकाळी भाकरी.
माझ्या ओट्याशी दोघं, कोपरापर्यंत पीठ.
त्याची फुगली.
तिची तव्यावर मधोमध फाटली.
ही आमची डॅन्यूब, ती म्हणाली,
आणि हसली नाही.

दुपारी एक ते चार झोपायचं,
हेही यादीत होतं.
तेवढं मात्र जमलं नाही.

संध्याकाळी माझी कायनेटिक.
पार्किंगमध्ये आठ फेऱ्या, एकदा कुंडी.
हॉर्न म्हणजे राग नव्हे गं, मी सांगितलं,
हॉर्न म्हणजे ‘मी आहे’.
तिनं घाबरत घाबरत एकदा वाजवला.
तळमजल्यावरच्या भिड्यांनी खिडकी लावून घेतली.

रात्री वरून भांडण ऐकू आलं.
टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलीत मी,
भाषा कळली नाही तरी
लाइन कुठे तुटते ते कळतं.
मग बराच वेळ कुणीतरी एकच नळ
सोडत होतं, बंद करत होतं.

रविवारी तरीही गेले. यादीत होतं ना,
कसब्यात कुंभारवाडा.
स्कूटरवर दोघांच्या मध्ये
एक पिशवी मावेल एवढी जागा,
आणि पिशवी तिच्या खांद्यावर.

एकच्या सुमाराला फोन आला :
कुमुदताई. पूल. पोलीस.

रिक्षा करून गेले तर
अलका टॉकीजसमोर, पुलाच्या तोंडाशी
ती माझ्या स्कूटरला धरून उभी,
केसांत सुकलेली माती.
परत येताना म्हणे तिनंच सांगितलं,
तू रिक्षानं जा, मी एकटी चालवते.
तो गेला रिक्षानं,
पण रिक्षावाल्याला म्हणाला, तिच्या मागे. हळू.
आता तो फुटपाथवर उभा होता,
ओल्या मातीचं काहीतरी वर्तमानपत्रात धरून,
बाळ धरतात तसं, जरा लांब.

पाटी दिसत नाही का, हवालदारानं विचारलं.
तिनं मान वर करून एकेक अक्षर लावलं,
दु. चा. की. स. बं. दी.
तिसरीतल्या मुलीसारखी खूश होऊन
माझ्याकडे पाहिलं.
वाचता येतंय की, हवालदार म्हणाला,
आणि पावतीपुस्तक काढलं.

आयुक्तालयात चार महिने हेलपाटे घालून
जे कागद झाले नव्हते
ते इथे पाच मिनिटांत झाले.
दंड शंभर रुपये.
नाव : रेखा बेंच.
राहणार : कर्वेनगर, पुणे.

राहणार म्हणजे काय, तिनं विचारलं.

म्हणजे, मी म्हटलं, तिथे राहते ती.
थांबले. मग खरं तेही सांगितलं,
की याचा दुसराही अर्थ होतो :
राहील ती. पुढेही.

तिनं ते नवऱ्याला त्यांच्या भाषेत सांगितलं.
सांगायला बराच वेळ लागला.
तो जवळ आला, पावती पाहिली,
हातातलं ओलं मडकं
कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

यांनी कोणता लिहिलाय, तिनं विचारलं.
मी म्हटलं, त्यालाच विचार.

हवालदार पुढच्या दुचाकीवर शिट्टी मारत होता.