दोनशे बारा पावलं

सतरा वर्षं टूसॉनच्या दक्षिणेला
घरं विकतोय मी, रोहेलियो उर्किदी.
पूर्वी लोक विचारायचे, शाळा कुठली, चर्च कुठलं.
मग केस पिकले, विचारू लागले
हॉस्पिटल किती मैलांवर.
आता गाडीचं दार लावायच्या आत
पिकलबॉलची कोर्टं किती? दिवे आहेत?
वाऱ्याला आडोसा?
घर पाहावं बांधून म्हणतात.
माझी गिऱ्हाइकं पाहतात चेंडू टाकून.

मार्लिस एंगस्ट्रॉम डुलुथहून आल्या,
वय एकाहत्तर, उजव्या गुडघ्यात स्टील.
पहिल्या घरी मी ग्रॅनाइटचा ओटा दाखवला,
सहा बर्नरची शेगडी,
खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड.
त्यांनी ओट्याला हातसुद्धा लावला नाही.
"सत्तेचाळीस वर्षं किचनमध्ये उभी होते.
आमच्या खेळातही किचन असतं, ठाऊक आहे?
जाळीलगतचे सात फूट.
तिथे उभं राहून टप्प्याआधी चेंडू मारला की फाउल.
गरजेपुरतं आत जायचं, लगेच बाहेर यायचं.
हा नियम मला लग्नाआधी
कुणीतरी सांगायला हवा होता."

दुसऱ्या घरातून सांता रिटाचे डोंगर दिसत,
संध्याकाळी जांभळे होणारे.
त्या उन्हात चालत निघाल्या, ओठांत पावलं मोजत.
चारशेला गुडघ्यानं हरकत घेतली.
गाडीत बसता बसता म्हणाल्या,
"डोंगर देखणा आहे,
पण डोंगर चेंडू परत टाकत नाही."

तिसरं घर मी दाखवणार नव्हतो.
कुंपणापलीकडेच आठ कोर्टं,
पहाटे सहापासून टॉक, टॉक, टॉक,
जणू कुणी दिवसभर खिळे ठोकतंय
आणि बांधून काहीच होत नाही.
आधीच्या मालकानं, प्रूइटनं,
खिडक्यांना दुहेरी काच लावली, मग पत्रं लिहिली,
मग वकील केला,
मग बावीस हजार कमी घेऊन
ओरेगनला मुलीकडे निघून गेला.

मी म्हणालो, आवाज आहे हं, आधीच सांगतो.
त्या खिडकीपाशी गेल्या.
धुळीनं घट्ट बसलेली; दोघांनी मिळून ढकलली.
आवाज आत आला.
त्यामागून कुणाचं तरी, "आउट!"
"आउट कसला? रेषेवर होता, चष्मा पूस!"
आणि चार म्हाताऱ्यांचं हसणं.

"आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल," त्या म्हणाल्या,
"सकाळी बर्फ ओढणारा ट्रक येतो.
तो गेला की
फ्रीज."

मी छताचं वय सांगत होतो, गीझरचं सांगत होतो.
त्या दाराबाहेर, मोजत.
दोनशे बारा.
तिथे रॅकमध्ये बॅटी रांगेत उभ्या असतात,
पुढच्या चार निघाल्या की मागच्या सरकतात.
माझ्या डिकीतून त्यांनी आपली बॅट काढली,
मुठीच्या टेपवर मार्करनं नाव लिहिलेली,
आणि शेवटच्या खाचेत ठेवली.
घर अजून घेतलेलं नव्हतं.

वीस मिनिटांनी कुणी ओरडलं,
"मार्लिस कोण?"

सही त्यांनी माझ्या बॉनेटवर केली, दोन डावांच्या मधे.
पत्त्याच्या रकान्यावर घामाचा थेंब पडला,
शाई पसरली. नवा कागद काढावा लागला.

मी राहतो हायवेलगत.
व्याजदर बघून घेतलं होतं घर.
शेजाऱ्याचं नाव नऊ वर्षांत कळलं नाही,
त्याचा कचऱ्याचा डबा ओळखतो.

परवा त्या रस्त्यानं जात होतो,
मागच्या सीटवर मिशिगनचं एक जोडपं.
कुंपणाच्या जाळीतून बॅट हलली,
"रोहेलियो! तिघंच आहोत!"
पायात माझ्या चामड्याचे बूट,
साडेआठला घर दाखवायचं.
मी हात केला, गाडी पुढे घेतली.

मागून बाईंनी विचारलं,
"तिथे सावली किती वाजेपर्यंत असते?"
सतरा वर्षांत गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नव्हतं,
ते म्हणालो,
"माहीत नाही हो."