शेरा

"बाई सहकार्य करत नाही."
फाइलीत मीच लिहिलेलं, ठसठशीत.

म्हसकरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कितीला गेली होतीस?"
अकराला.
"आणि गोवंडीत, त्या गल्लीत, पाणी कितीला येतं?"

आचारसंहिता मला पाठ होती,
कलमांसकट.
पाण्याची वेळ नव्हती.

व्हाइटनरकडे हात गेला तशा म्हणाल्या,
"राहू दे ते. खाली लिही, तारीख घालून:
मी चुकीच्या वेळी गेले."
आणि माझ्या सहीशेजारी
स्वतःचीही केली.

दुसऱ्या दिवशी, चारला,
जुबैदाआपाने भरलेली कळशी सारून
मला बसायला जागा केली.
बोलत राहिली. मध्येच थांबली,
"हे लिहायचं नाही हां."

मी टोपण लावलं.

ते मी कुणालाच सांगितलं नाही.
म्हसकरबाईंनी फाइल चाळली,
रिकाम्या ओळीवर जरा रेंगाळल्या,
विचारलं मात्र नाही.