अठराचा पाढा

बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचायचं.
लोरेननं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं:
"टोकं राहू देत गं. बाळाला हात लावायला लागतील."
उठल्यावर एकदा, मग प्रत्येक जेवणानंतर
घड्याळ लावून एक तासानं.
निळ्या वहीत आकडा.

सहाव्या महिन्यात रात्रीपासून उपाशी ठेवून
गोडमिट्ट पाणी पाजलं होतं मला,
दोन तास एकाच खुर्चीत. चालायचं नाही, चघळायचं नाही.
शेजारी एक पोलिश बाई मोजे विणत होती.
हल शहर खिडकीबाहेर धुक्यात बुडालेलं,
या मजल्यावरून हंबरवरचा पूल दिसतो म्हणे.
"तुमच्याकडच्या सगळ्याच बायकांची करतो ही तपासणी,"
लोरेन म्हणाली, जरा संकोचून.
तुमच्याकडच्या.
म्हणजे बार्शीचं रक्त इथं कुठल्याशा तक्त्यात
माझ्याआधीच पोचलेलं होतं.

उपाशीपोटी सहा पूर्णांक एक.

आईला फोन केला.
"सहा? अगं, माझी एकशे बासष्ट!
सहा म्हणजे काहीच नाही. डिंकाचे लाडू टाकते कुरियरनं."
मग समजावलं, इकडचं माप वेगळं,
अठरानं गुणायचं.
"अठरानं?"
पोळ्या लाटता लाटता तिनंच घोटून घेतला होता तो पाढा.
चुकलं की लाटणं थांबायचं,
ओरडायची नाही, नुसतं लाटणं थांबायचं.
अठरा पंचे नव्वद, अठरा सक आठोत्तरशे,
पुटपुटत गेली, वर थोडं मिळवलं,
आणि गप्प झाली.

लाडू तरीही आले.
डबा फ्रीजच्या डोक्यावर आहे. रात्री निषाद हळूच झाकण उघडतो,
मी झोपेचं सोंग घेते, वास घेते.
आहाराच्या पत्रकात नान होता, चपाती होती, भाकरी नव्हती.
तिथल्या मुलीनं शब्द लिहून घेतला,
'भ' कसा काढायचा ते दोनदा विचारलं.
लोहाच्या गोळीआधी चहा नाही, गोळीनंतरही नाही.
गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यावी,
आणि संत्र्याचा रस मात्र घेऊ नये.
यावर लोरेन आणि मी दोघी पुष्कळ हसलो.

चौतिसाव्या आठवड्यात स्कॅनवाली जरा जास्त वेळ थांबली.
बाळाच्या पोटाचा घेर रेषेच्या वर गेलेला.
"मोठं आहे," मी आईला सांगितलं, "साखरेमुळं असतं म्हणे."

पलीकडं कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"दादाच्या आधीचा साडेनऊ पौंडांचा होता," ती म्हणाली.
"सगळी आळी बघायला आली. गुटगुटीत.
दीड दिवस.
दृष्ट लागली म्हणाले. मीठमोहऱ्या उतरवल्या नाहीत म्हणून सासूबाई मला..."
वाक्य तिनं तिथंच खाली ठेवलं.
"शरू, तेव्हा माझी किती असेल गं?"

कुणी मोजलीच नव्हती.
अठरा होते, आणि समोर गुणायला काही नव्हतं.

लोरेनला विचारलं. तिनं पेन ठेवलं.
"असेलही, नसेलही. आता कुणालाच सांगता यायचं नाही.
पण त्यांचा दोष नव्हता. एवढं सांग."
मी सांगितलं. मराठीत ते फारच लहान झालं:
तुझं काही चुकलं नव्हतं, आई.
ती म्हणाली, "जेवलीस का?"

आता रोज सकाळी सातला मी फोन लावते.
तिकडं साडेबारा, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला.
"माझी सकाळची आठ आणि वर चिमूटभर,"
ती हल्ली माझ्या मापात बोलते.
मी बोटाच्या कडेला टोचते. पाच पूर्णांक एक.
डाव्या कुशीवर वळते, आतून कुणीतरी ढुशी देतं.
"अठरा पंचे..." तिचे ओठ हलतात.
मी ऐकत राहते.
लाटणं थांबत नाही.