एक बिंदू जास्तीचा

मेडिकल चौकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
आमची दहा मीटरची वाट.
इथून निघायचं, तिथून वळायचं, परत यायचं.
पोचायचं कुठेच नाही.
भिंतींवर आठ कॅमेरे, मधोमध चटईखाली
दडवलेली एक पाटी, पावलाचा भार मोजणारी.
ती कुठे आहे ते सांगायचं नसतं.
सांगितलं की माणूस नेम धरून पाय टाकतो.

माझं काम बिंदू चिकटवायचं.
टाच, घोटा, अंगठ्याचं मूळ, गुडघ्याची वाटी,
चण्याएवढे चंदेरी गोळे, एका पायाला नऊ.
दिवसभर मी लोकांच्या पायांशी बसलेली.

तेविसाव्या क्रमांकाला आल्या वच्छला टेंभुर्णे.
कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या वाहतात.
बाहेर पंचेचाळीस. भंडारा रोडचं डांबर
चपलेला चिकटून वर आलेलं, त्यात रुतलेला एक खडा.
मी पाय हातात घेतला तशा त्या दचकल्या.
"पायाले हात नको लावू ना बाई,"
आणि तरी सवयीनं त्यांचा हात
माझ्या डोक्यावर आला.
मग आम्ही दोघी उगाच
कॅमेऱ्याकडे पाहत राहिलो.

पहिली फेरी अनवाणी.
दुसरी आमच्या बुटांत, गादीच्या तळाच्या.
(किंमत विचारू नका, मी विचारली होती.)
तिसरी आपापल्या चपलेत.
अनवाणी त्या चालल्या मांडवात चालावं तशा,
बुटांत, चिखलातून पाय उपसावा तशा.
डॉक्टर डोंगरवार काचेमागून म्हणाले,
अगदी नैसर्गिक चाला.
त्यांनी मला हळूच विचारलं,
"डोक्श्यावर काई नाई, तं चालाचं कसं?"

तेव्हा मी खोटं बोलले.
झालं म्हटलं, चपला घाला, चहा घेऊ.
कॅमेरे चालूच ठेवले.
त्या उठल्या, पदर खोचला, आणि चालल्या,
चहाकडे जातं माणूस तशा.
डाव्या पायाची बोटं
पावलागणिक मुडपून चप्पल धरत होती.
मांजर पिलाला तोंडात धरते तशी.
दुखू न देता. सुटू न देता.

संध्याकाळी पडद्यावर अंधारात
फक्त बिंदू चालत होते.
अठरा लावले होते. दिसले एकोणीस.
एकोणिसावा डाव्या पंजावर, इवलासा,
मध्येच पेटे, मध्येच विझे.
संगणकानं खाली लिहिलं: अनोळखी.
काढून टाकू? हो. नाही.

सर म्हणाले, गाळा. कसली तरी चमक असेल, गोंगाट आहे तो.
मी फेरी मागे नेली, पुन्हा पुढे आणली,
आणि आठवली
बंद जिथे दुभंगतो तिथे फाटलेली,
तिथेच टोचून बसवलेली
सेफ्टी पिन.
म्हणून ती बोटं.
म्हणून डावं पाऊल जमिनीवर
उजव्याहून शंभरातली चार क्षण जास्त.
आम्ही त्याला विषमता म्हणतो, आणि कंबरेत शोधतो.

अहवालात एकच ओळ असेल:
सहभागींनी त्यांची नेहमीची पादत्राणे वापरली.

मी 'नाही' दाबलं.
नावाच्या चौकटीत टाइप केलं:
वच्छलाबाईंच्या डाव्या चपलेची पिन.
संगणक म्हणाला, नाव फार लांब आहे.
मग नुसतं 'पिन' ठेवलं. ते त्याला चाललं.

कुलूप लावून जिना उतरताना
मधल्या पायरीवर लक्षात आलं,
माझी बोटं मुडपलेली आहेत.
माझे बंद तर शाबूत होते.