उघड्यावरचं

तीस वर्षं मी खिडकी नसलेल्या खोलीत
परक्या देशाची वर्तमानपत्रं वाचली.
गावात कुणी विचारलं, फौजेत काय करता,
तर सांगायचो : कारकून. खोटं नव्हतं ते.

बातम्या मी वाचायचोच नाही.
वाचायचो चौथ्या पानावरचा कोपरा :
सरहद्दीजवळच्या एका खेड्यात
पाव भाजणारे दोघे हवेत, रात्रपाळीला.
शंभर उंबऱ्यांचं खेडं, एवढा पाव खातं कोण?
मग एक निविदा, लोकरी मोज्यांची.
मग कुण्या कर्नलच्या आईची निधनवार्ता,
मुलगा मातीला पोचू शकला नाही.
तीन कात्रणं, एक टाचणी.

कुलूप कुठेच नव्हतं.
सगळं अंगणात वाळत घातलेलं
खारोड्यांसारखं,
राखणीला कोणी नाही, एवढंच.

आता आर्वीच्या अलीकडे, गावी असतो.
सवय जात नाही.
दोरीवरचे कपडे मोजतो.
लग्नपत्रिकेत कोणत्या काकाचं नाव गाळलं
यावरून धुऱ्याचा वाद कुठवर आला ते कळतं.

परवा पानठेल्यावर पोरांनी
रोशनचं स्टेटस दाखवलं.
बर्फ, चहाचा कप, हसरा चेहरा,
खाली लिहिलेलं : फुल्ल थंडी.
पोरं चेहरा पाहत होती.
मी मागची डोंगराची धार पाहिली,
खांबाची सावली, टँकरवरचा अर्धा आकडा,
आणि तोंडातलं पान संपायच्या आत
पलटण कुठे आहे ते मला कळलं होतं.
पलीकडे, खिडकी नसलेल्या खोलीत,
माझ्यासारखाच कोणी चष्मा पुसत असणार.

तडक पंचफुलाच्या घरी गेलो.
म्हटलं, पोराला सांग, फोटो काढून टाक.
ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
हात पदराला पुसून तिने फोन घेतला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
डोंगर बाहेर गेला, खांब गेला,
टँकर गेला.

"काकाजी, कप पाहा ना. डाव्या हातात हाय.
मागच्या फोटोतबी उजवा हात खिशातच होता.
त्याच्या आधीच्यातबी.
फोनवर म्हणते, सारं बरं हाय."

मी चष्मा काढला. परत घातला.
डोंगर मला पाठ होता.

"सांगतो त्याले," ती म्हणाली,
"पण उद्या सकाळी जाते ते आपोआप.
तवरोक पाहू द्या."